गच्ची, कँटीन आणि वीजबिल: ठाणे-नवी मुंबईतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना खुले पत्र

प्रति,
ठाणे व नवी मुंबई परिसरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे प्राचार्य व विभागप्रमुख,
तसेच मुंबई विद्यापीठाच्या अभियांत्रिकी अभ्यास मंडळांचे सदस्य यांस,

स.न.वि.वि.

तिसऱ्या सत्राच्या मिनी प्रोजेक्टचे गट पडू लागले की विषयांच्या यादीत 'शाश्वत विकास' हमखास येतो, आणि त्याखाली तीच ती चार नावे येतात: स्मार्ट डस्टबिन, सोलर मोबाइल चार्जर, झाडांना आपोआप पाणी देणारी यंत्रणा, फूटपाथवर पाय दिला की वीज. नोव्हेंबरात मॉडेल टेबलावर मांडले जाते, दहा मिनिटे चालते, व्हायवा (तोंडी परीक्षा) होतो, ब्लॅक बुक (प्रकल्पाचा छापील अहवाल) कपाटात जाते. पुढच्या जुलैत नवे गट पुन्हा तिथूनच सुरुवात करतात.

आमची मागणी एकच आहे. कॉलेजच्या आवारातली एक खरी व्यवस्था निवडा: पाणी, कँटीनचा ओला कचरा, वीज किंवा वर्कशॉप. तिसऱ्या ते सहाव्या सत्रापर्यंतचे मिनी प्रोजेक्ट त्या एकाच व्यवस्थेवर, एका बॅचने दुसरीच्या हाती देत चालवा. आणि गुण मॉडेलऐवजी मोजमापाला द्या. मुंबई विद्यापीठाच्या २०१९ च्या 'सी' स्कीममध्ये (अभ्यासक्रमात) या चारही सत्रांत मिनी प्रोजेक्टचे तास होतेच, स्वायत्त महाविद्यालयांना तर आपला आराखडा स्वतः ठरवता येतो. नवा विषय घुसवायची गरज नाही.

पर्यावरण हा विषय सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशानंतर पदवी अभ्यासक्रमात हळूहळू सक्तीचा झाला. एनबीएच्या (अभियांत्रिकी अभ्यासक्रमांना मानांकन देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या) बारा फलनिष्पत्तींच्या, म्हणजे पदवीधराला काय यायला हवे याच्या, यादीत 'पर्यावरण आणि शाश्वतता' अनेक वर्षे सातव्या क्रमांकावर होती. २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा (अभियांत्रिकी पदव्यांना देशादेशांत मान्यता देणाऱ्या कराराचा) पूर्ण सदस्य झाला तेव्हापासून त्या यादीला आंतरराष्ट्रीय वजनही आहे. पण कोणता विषय कोणत्या फलनिष्पत्तीला किती लागू आहे हे दाखवणाऱ्या मॅपिंगच्या तक्त्यात त्या रकान्यात २ किंवा ३ लिहिणे आणि विद्यार्थ्याला एखाद्या व्यवस्थेचा हिशोब मांडता येणे यांत फार अंतर आहे. डेन्मार्कमधले ऑलबोर्ग विद्यापीठ १९७४ मध्ये सुरू झाले तेव्हापासून तिथले शिक्षण प्रत्यक्ष प्रश्नांवरच्या गटप्रकल्पांभोवती उभे आहे. आपल्याकडे त्यातले फक्त 'गट' आणि 'प्रकल्प' एवढेच आले, प्रश्न मागे राहिला.

स्मार्ट डस्टबिन जरा जवळून पाहू. अर्डुइनो उनो (छोटा नियंत्रक बोर्ड), आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा एक अल्ट्रासॉनिक सेन्सर, झाकण उघडायला एक सर्व्हो मोटर आणि ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. या बॅटरीत साधारण ५०० मिलीअँपिअर-तास असतात. उनो आणि सेन्सर मिळून ६०-६५ मिलीअँपिअर घेतात, म्हणजे झाकण एकदाही न उघडता बॅटरी आठ तासांत संपते. सेन्सरचा ध्वनिझोत सुमारे १५ अंशांत पसरतो. समोर सपाट पुठ्ठा असेल तर अंतर बरोबर येते. तिरकी पडलेली ओली पिशवी असेल तर आवाज भलतीकडे परततो आणि भरलेला डबा 'रिकामा' म्हणून दिसतो. जुलैच्या दमटपणात सेन्सरच्या जाळीवर पाणी धरते, ते वेगळेच. पण खरी उणीव याहून मोठी आहे. त्या डब्यात रोज किती किलो पडते, त्यात ओले किती, रात्री ते कुठे जाते, हे गटाने विचारलेलेच नसते. बॅटरी, प्लास्टिक आणि सर्किट यांची भर घालून कचऱ्याचा एक किलोही कमी झालेला नसतो. यात मुलांचा दोष नाही. त्यांना कोणी तराजू दिलाच नाही.

आम्ही म्हणतो त्या प्रकल्पात पहिले सहा आठवडे काहीही बनवायचे नाही, फक्त मोजायचे. सीमारेषा आखायची: कोणती इमारत, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. आत काय येते, बाहेर काय जाते, मध्ये काय साठते हे लिहायचे. ताळा जुळला नाही तर का नाही ते शोधायचे. तुलना करताना कामाचे एकक, म्हणजे प्रत्यक्ष मिळालेले काम, धरायचे. मग कुठे स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायचा.

पावसापासून सुरुवात करावी, कारण आपल्या भागात त्याच्याइतके उदार प्रयोगद्रव्य दुसरे नाही. ठाण्यात वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. गच्ची १,००० चौरस मीटर आणि वाहून येणारा वाटा ०.८ धरला तर वर्षाला २० लाख लिटर. १,५०० विद्यार्थी, माणशी १५ लिटर फ्लशिंग, म्हणजे दिवसाला २२,५०० लिटर, वर्षाच्या २२० कामाच्या दिवसांना साधारण ५० लाख. इथे बहुतेक गट भागाकार करतात आणि 'चाळीस टक्के पाणी वाचेल' असे लिहून मोकळे होतात. हा आकडा चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे कळणे हाच या प्रकल्पाचा गाभा आहे.

पाऊस चार महिन्यांत येतो, गरज दहा महिने असते. टाकी २०,००० लिटरची असेल तर १०० मिलिमीटर पावसाच्या दिवशी गच्चीवरून ८०,००० लिटर येते, त्यातले टाकीभर आणि त्या दिवशी वापरले तेवढेच हाती लागते, उरलेले गटारात जाते. पुढच्या कोरड्या दिवशी संध्याकाळपर्यंत टाकीचा तळ दिसतो. म्हणून हिशोब दिवसागणिक करायला हवा. एक्सेलमध्ये चार रकाने पुरतात: आजचा पाऊस, आज आलेले पाणी, आजचा वापर, दिवसअखेर टाकीतली पातळी. कालची पातळी अधिक आवक वजा वापर, शून्याखाली जाऊ द्यायचे नाही आणि टाकीच्या क्षमतेवर जाऊ द्यायचे नाही. मग टाकी १०, २०, ५०, १०० हजार लिटर करून बघायचे. टाकी दुप्पट केली की लाभ दुप्पट होत नाही, एका मर्यादेनंतर आलेख आडवा पडतो. तो वाकतो तिथे थांबायचे. दुसऱ्या वर्षाच्या मुलाला हा आलेख स्वतःच्या गच्चीच्या आकड्यांवर काढता आला तर 'संसाधनांचा पर्याप्त वापर' या शब्दांचा अर्थ त्याला पुन्हा सांगावा लागणार नाही.

या गणितासाठी रोजचा पाऊस स्वतः मोजावा. २० सेंटिमीटर व्यासाचे फनेल घेतले तर त्याचे तोंड ३१४ चौरस सेंटिमीटर, म्हणजे १ मिलिमीटर पाऊस बरोबर ३१.४ मिलिलिटर. खाली दोन लिटरची बाटली लावण्याची चूक जवळजवळ प्रत्येक गट करतो. ती ६४ मिलिमीटरला भरते, आणि आपल्याकडे जुलैत असे दिवस मोजून येत नाहीत. नेमका मोठ्या पावसाचा आकडा हुकतो. दहा लिटरचा कॅन लावावा, तो ३१८ मिलिमीटरपर्यंत पुरतो. मुसळधार दिवशी तरीही दोनदा वाचन घ्यावे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता, हे आपण विसरू नये. वाचनाची वेळ सकाळी साडेआठ ठेवावी, म्हणजे हवामान खात्याच्या आकड्यांशी थेट ताडता येते. जवळच्या भिंतीची किंवा झाडाची जितकी उंची, किमान तिच्या दुप्पट अंतरावर फनेल ठेवावे.

गच्चीवर आणखी दोन गोष्टी फसतात. जूनच्या पहिल्या सरीसोबत धूळ आणि कबुतरांची विष्ठा येते, म्हणून पहिला एक मिलिमीटर, म्हणजे या गच्चीवर १,००० लिटर, बाजूला सोडावा लागतो. गट बहुधा वीस लिटरचा ड्रम लावून 'फर्स्ट फ्लश' असे लेबल चिकटवतात. दुसरी गोष्ट पाइपची. तासाला १०० मिलिमीटर वेगाने पाऊस कोसळला तर १,००० चौरस मीटरवरून सेकंदाला २८ लिटर येतात. ते एका ११० मिलिमीटर पाइपच्या आवाक्याबाहेर आहे. त्यात जाळीवर पाने अडकली की गच्ची भरते आणि खालच्या प्रयोगशाळेचे छत गळते. मग पुढच्या वर्षी इस्टेट विभाग प्रकल्पाला परवानगीच देत नाही. जाळी उलट्या टोपलीसारखी उंच असावी, आणि ती साफ कोण करणार त्याचे नाव रजिस्टरात असावे.

पाणी जमिनीत मुरवण्याचा मोह सगळ्यांना होतो. येऊरच्या पायथ्याला, विघटित बसाल्टच्या थरात, शोषखड्डा चालू शकतो. ऐरोली, वाशी, नेरूळच्या खाडीलगतच्या भरावावर खाली सागरी चिकणमाती आहे, पाणी वरच असते आणि ते खारे असते. तिथे शोषखड्डा खणणे म्हणजे डासांची पैदास. वाद घालण्याऐवजी चाचणी करावी: ३० सेंटिमीटर खोल खड्डा, आदल्या दिवशी भिजवून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी भरून दर दहा मिनिटांनी पातळी किती उतरते ते पट्टीने मोजायचे. ही चाचणी जानेवारीत एकदा आणि जुलैत एकदा. फक्त जानेवारीचा आकडा ब्लॅक बुकात आला तर परीक्षकाने तो परत पाठवावा.

आता कँटीन. दिवसाला ३० किलो ओला कचरा निघतो असे धरू. खतासाठी कार्बन-नायट्रोजन गुणोत्तर २५ ते ३० आणि ओलावा ५० ते ६० टक्के लागतो, हे पुस्तकात असते. पण किती पाने घालायची हे काढायला लावा. ओल्या कचऱ्यात ७५ टक्के पाणी, सुक्या भागात ४५ टक्के कार्बन, २.५ टक्के नायट्रोजन. सुक्या पानांत १० टक्के पाणी, ४५ टक्के कार्बन, ०.९ टक्के नायट्रोजन. दहा किलो कचऱ्यात तीन किलो पाने मिसळली तर कार्बन २.३४ किलो, नायट्रोजन ०.०८७ किलो, गुणोत्तर २७, आणि ओलावा बरोबर ६० टक्के. छान जमते.

म्हणजे रोज ९ किलो पाने. कुठून आणणार? आपल्याकडे पानगळ जानेवारी ते एप्रिलमध्ये होते. जुलै ते ऑक्टोबर सतरा आठवडे, आठवड्याचे सहा दिवस, हिशोब ९१८ किलोंवर जातो. कुस्करलेल्या पानांचे वजन घनमीटरला ६० किलो धरले तर १५ घनमीटर जागा हवी, कोरडी, छपराखाली. तीन बाय तीन मीटरची, दोन मीटर उंच खोली. बाजारातून आणलेले महागडे कंपोस्ट यंत्र ऑगस्टमध्ये का बंद पडते याचे उत्तर या एका गुणाकारात आहे: पानेच संपलेली असतात. मग आमटी-भात तसाच आत पडतो, हवा खेळायची थांबते, आंबूस वास सुटतो, माश्या होतात, आणि वॉचमन तक्रार करतो. खताचा प्रकल्प हा डब्याचा नाही, पानांच्या कोठाराचा आहे. तो फेब्रुवारीत सुरू करावा लागतो, आणि फेब्रुवारीत असते चौथे सत्र. एका सत्राच्या प्रकल्पाने हे काम का होत नाही, ते इथे दिसते.

तपासणीला उपकरणे साधी लागतात. मूठभर मिश्रण दाबले की बोटांतून एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर पाने कमी, काहीच नाही तर पाणी कमी. काठीसारखा लांब थर्मामीटर मध्यभागी खुपसून रोज वाचन. ढीग घनमीटरभर तरी नसेल तर उष्णता धरत नाही, ५५ अंश गाठतच नाही, आणि रोगजंतू शिल्लक राहतात. कँटीनच्या कचऱ्यात मीठ असते, म्हणून तयार खताची विद्युतवाहकता मोजावी. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी कमाल ४ डेसिसीमेन्स प्रति मीटर ही मर्यादा आहे. ती ओलांडलेले खत कुंडीत घातले तर झाड करपते आणि दोष 'सेंद्रिय'पणावर येतो.

इलेक्ट्रिकलच्या गटांसाठी पंखा हा उत्तम विषय आहे, कारण तो दिसायला सोपा आहे. जुना १,२०० मिलिमीटरचा पंखा ७५ वॅट, बीएलडीसी (ब्रशविरहित डीसी मोटरचा) ३० वॅट. दिवसाला ८ तास, वर्षाला २२० दिवस, पंख्यामागे ७९ युनिटची बचत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर वर्षाला ५५ किलो. इथे थांबणाऱ्या गटाला निम्मेच गुण द्यावेत. कामाचे एकक वॅट नाही, हवा आहे. बीईईचे (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे) पंख्याचे तारांकनसुद्धा दर वॅटला मिनिटाला किती घनमीटर हवा ढकलली जाते यावरच ठरते. दोन्ही पंख्यांखाली जमिनीवर खडूने चौकटी आखून प्रत्येक चौकटीत अॅनिमोमीटरने वेग घ्यायला लावा. मग पुढचे प्रश्न येतात: चालू स्थितीतले दोनशे पंखे काढून भंगारात देणे कधी परवडते? जुना रेग्युलेटर तसाच ठेवला तर बीएलडीसीच्या सर्किटचे काय होते? (ते बिघडते. रेग्युलेटर काढूनच जोडणी करावी, आणि ती परवानाधारक वायरमननेच.) वर्ग रिकामा असताना पंखे किती तास फिरतात? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा सगळ्यात मोठी बचत दाखवते, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

मेकॅनिकलसाठी वर्कशॉपचा कॉम्प्रेसर आहे. सगळी हत्यारे बंद ठेवून कॉम्प्रेसर चालू करायचा आणि तो किती सेकंद भार घेतो, किती सेकंद मोकळा फिरतो ते दहा फेऱ्या मोजायचे. भाराचा वेळ भागिले एकूण वेळ, एवढी टक्के हवा नुसती गळते आहे. साबणाचे पाणी आणि ब्रश घेऊन गळती शोधायची, टॅग लावायचा, दुरुस्तीनंतर पुन्हा मोजायचे. हा गट पुढे वागळे इस्टेटमध्ये किंवा टीटीसी (ठाणे-बेलापूर) औद्योगिक पट्ट्यातल्या छोट्या कारखान्यात इंटर्नशिपला गेला तर पहिल्याच आठवड्यात उपयोगी पडतो.

केमिकलच्या गटांना गणेशोत्सवानंतर काम असते. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात विरघळवण्याची पद्धत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने पुढे आणली. कॅल्शियम कार्बोनेट तळाशी बसते, अमोनियम सल्फेट पाण्यात राहते. रेणुभाराने पाहिले तर भिजलेल्या एक किलो प्लास्टरला ०.९२ किलो बायकार्बोनेट लागते. पुढचा हिशोब गटाने करावा: ते अमोनियम सल्फेट खत म्हणून कुठल्या बागेत, किती चौरस मीटरवर जाणार? तेच पाणी मासुंदा किंवा उपवनसारख्या तलावात सोडले तर नायट्रोजनने शेवाळ माजेल. रंगांमधले जड धातू कुठे गेले? प्रयोग उघड्यावर करावा, अमोनियाचा वास डोळ्यांना झोंबतो.

आणि सिव्हिल. नवी मुंबईत असूनही आपले किती विद्यार्थी धारण तलाव ओळखतात? सिडकोने भरावाच्या जमिनीवर शहर बसवताना हे तलाव ठेवले. भरती आली की झडपा मिटतात, शहराचे पाणी तलावात थांबते, ओहोटीला बाहेर पडते. समजा पाणलोट १०० हेक्टर, तासाला ५० मिलिमीटर पाऊस, वाटा ०.८. तासाला ४०,००० घनमीटर पाणी येते. झडपा तीन तास मिटल्या तर १,२०,०००. तलाव ५ हेक्टरचा असेल तर पातळी २.४ मीटर चढते. आता तळाशी एक मीटर गाळ साचला आहे असे धरा: ५०,००० घनमीटर जागा गेली, म्हणजे सव्वा तासाचा पाऊस रस्त्यावर. साडेचार मीटरच्या वर भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की हा सव्वा तास काय असतो, हे इथल्या घराघरांना माहीत आहे. काही तलावांत तिवरेही (खारफुटी) वाढली आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर तिवरांना हात लावणे सोपे नाही, आणि ते योग्यच आहे, कारण हीच तिवरे खाडी धरून ठेवतात. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे. गाळ काढायचा, तिवर राखायचे आणि घरात पाणी येऊ द्यायचे नाही, या तिन्ही अटींचे एकच सोपे उत्तर नाही. असाच प्रश्न अभियंत्याने विद्यार्थी असतानाच अंगावर घ्यायला हवा. मुलांनी तलावात उतरायचे नाही. नकाशे, भरतीचे तक्ते आणि काठावरची निरीक्षणे पुरेशी आहेत. दिवा-ऐरोलीच्या कोळी बांधवांना खाडीचा गाळ कुठे कधी सरकला हे माहीत असते. त्यांना विचारायला जावे, पण निष्कर्ष घेऊन परतही जावे.

आता हे राबवायचे कसे, तेही सांगतो, कारण चांगले प्रकल्प विषयामुळे कमी आणि वेळापत्रकामुळे जास्त मरतात.

मिश्र शाखांचा गट हवा, पण प्रत्येक विभागाचा मिनी प्रोजेक्टचा तास वेगळ्या वारी असतो आणि गट कधी एकत्र भेटतच नाही. आठवड्यातले दोन तास सर्व शाखांना एकाच वारी, एकाच वेळी द्यावेत. गुण ज्याच्या त्याच्या विभागात जावेत, गाइड दोन असावेत. डिप्लोमावरून थेट दुसऱ्या वर्षाला येणारी मुले प्रवेशफेऱ्यांमुळे उशिरा येतात, तोवर गट भरलेले असतात आणि ती उरलेल्यांचा एक गट होऊन बसतात. प्रत्येक गटात एक जागा त्यांच्यासाठी मोकळी ठेवा. प्रत्यक्ष हातकामात ती बहुधा सगळ्यांत पुढे असतात.

तिसरे सत्र जुलैत सुरू होते, पाऊस त्याआधी. म्हणून जूनच्या नोंदी आदल्या बॅचनेच ठेवायला हव्यात. सांडपाण्याचा बीओडी (जिवाणूंना लागणारा प्राणवायू) मोजणाऱ्या गटांनी वार पाहावा: आपल्या पद्धतीत २७ अंशांवर तीन दिवस लागतात. सोमवारी लावले तर गुरुवारी वाचता येते, गुरुवारी लावले तर रविवारी प्रयोगशाळेला कुलूप असते. कॉम्प्युटर आणि ईएक्सटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार) गटांनी बनवलेला डेटा लॉगर (आपोआप नोंदी ठेवणारे उपकरण) टेबलावर नाही, गच्चीवर सलग तीस दिवस चालला तरच पास समजावा. केबल खोक्यात खालच्या बाजूने शिरवावी, आत सिलिका जेलची पुडी ठेवावी. त्याशिवाय पहिल्याच आठवड्यात बोर्डावर हिरवा गंज चढतो.

प्राचार्यांनी मागच्या ३६ महिन्यांची वीजबिले, पाण्याची बिले आणि इमारतीचे प्लंबिंगचे नकाशे विद्यार्थ्यांसाठी खुले करावेत. हे कागद न मिळाल्याने जितके गट इंटरनेटवरचे आकडे उचलतात तितके आळसामुळे उचलत नाहीत. १०० किलोचा एक तराजू, चार प्लग-इन ऊर्जामापक, दोन खत-थर्मामीटर, पीएच आणि वाहकता मापक, अॅनिमोमीटर, काही कॅन आणि फनेल: हे सगळे एका साध्या लॅपटॉपच्या किमतीत बसते.

सुरक्षेबाबत तडजोड नको. एसटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या) किंवा भूमिगत टाकीत विद्यार्थी कधीही उतरणार नाही, झाकण उघडून वाकणारही नाही. हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की त्याचा वास येणेच बंद होते. कठडा नसलेल्या गच्चीवर पावसात कोणी जाणार नाही. वीजपॅनेल फक्त वायरमन उघडेल.

गुणांचे म्हणाल तर टर्म वर्कचे (सत्रभराच्या कामाचे) २५ असे वाटता येतील: १० तारीखवार मोजणी-वहीला, ५ ताळेबंदाला, ५ काय फसले आणि का याच्या दोन पानांना, ५ पुढच्या बॅचला दिलेल्या हस्तांतरणाला. वही हाताने लिहिलेली, खाडाखोड दिसणारी असावी. ज्या गटाचे खत सडले पण कोणत्या दिवशी, किती ओलाव्याला, कशामुळे हे वहीत आहे, त्याला चमचमीत पोस्टरवाल्या गटापेक्षा जास्त गुण मिळायला हवेत. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना हे आधी लेखी कळवा, नाहीतर ते पहिला प्रश्न 'मॉडेल कुठे आहे?' असाच विचारतील. हस्तांतरण म्हणजे सीडी नव्हे. जुन्या गटाने नव्या गटाला जागेवर नेऊन एक वाचन करून दाखवायचे आणि दोघांनी वहीत सही करायची.

अभ्यास मंडळाच्या सदस्यांना एक वेगळी विनंती आहे. मिनी प्रोजेक्टच्या नियमांत 'मागील गटाचे काम पुढे नेणे ग्राह्य धरले जाईल' हे एक वाक्य घाला. आज पुनरावृत्तीच्या भीतीने गाइड जुना विषय नाकारतात, आणि त्या नकारात दरवर्षी वर्षभराची आकडेवारी वाया जाते.

या पत्राचे उत्तर आम्हाला पत्राने नको. आपल्या कॉलेजच्या गच्चीचे चौरस मीटर, कँटीनच्या ओल्या कचऱ्याचे सलग सहा दिवसांचे वजन आणि शेवटचे वीजबिल, हे तीन आकडे मे अखेरपर्यंत विभागाच्या सूचनाफलकावर लावा. पावसाची पहिली नोंद १ जूनला सकाळी साडेआठला घ्यायची आहे.

आपले,
ठाणे व नवी मुंबईतील अभियांत्रिकीचे काही शिक्षक आणि कार्यरत अभियंते